तीन गुणांचे गाणे

गणेशोत्सव आटोपला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. आंतरशालेय समूहगीत स्पर्धेला एका शाळेने एकच गाणे पाठवायचे, असा नियम आहे. आमची शाळा मराठी माध्यमाची. पण पोरे घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. मग गाणे कोणत्या भाषेतले? संगीताच्या बाईंना भावगीत हवे, कन्नडच्या सरांना वचन, तर पी.टी.च्या सरांना ढोल वाजेल असे काहीही चालते. शेवटी कोणी तरी म्हणतेच, 'परीक्षकांना काय आवडेल ते बघा ना!' आणि मुख्याध्यापक या नात्याने सगळे माझ्याकडे बघतात.

यंदा त्या बैठकीत मी इतिहासाचा माणूस असल्याची खोड केली आणि सहकाऱ्यांना पोर्तुगालची एक हकीकत सांगितली. ती तिथे पुरती सांगून झाली नाही, घंटा झाली. म्हणून येथे सविस्तर लिहितो. गोव्याच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना पोर्तुगाल काही अगदी परका नाही.

युरोपातील दूरदर्शन संस्थांनी १९५६ पासून 'युरोव्हिजन' नावाची गीतस्पर्धा चालवली आहे. प्रत्येक देशाने एक नवे गाणे पाठवायचे आणि इतर देशांच्या परीक्षकांनी त्याला गुण द्यायचे. पोर्तुगाल तिच्यात उतरला १९६४ साली. त्यासाठी तिथल्या सरकारी दूरदर्शनने लिस्बनला गीतमहोत्सव सुरू केला. त्यात जिंकलेले गाणे देशाचे गाणे म्हणून पुढे जायचे. त्या पहिल्या वर्षी आंतोनियु काल्व्हारियु हा गायक प्रार्थनेचे गाणे घेऊन कोपनहेगनला गेला आणि शून्य गुण घेऊन परतला. त्याच कार्यक्रमात एक माणूस रंगमंचावर घुसला. फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असा फलक त्याच्या हातात होता. हा सालाझार म्हणजे तोच, ज्याने १९६१ च्या डिसेंबरात गोव्यातील आपल्या गव्हर्नर जनरलला शरण न जाता मरेपर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला होता.

माझे वडील तेव्हा बेळगावात नोकरीला होते. सतरावी डिव्हिजन येथेच जमली होती. कॅम्पाच्या बाजूने लष्करी ट्रकांची रांग कशी सरकत होती, हे ते आम्हाला दर दिवाळीला सांगत आणि दर दिवाळीला ती रांग थोडी लांब होई! गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो हुकूम मानला नाही. १९ डिसेंबरला ते शरण आले आणि हजारो जीव वाचले. मायदेशी त्यांच्या वाट्याला काय आले? लष्करातून बडतर्फी.

अशा राजवटीत गाणे निवडणे म्हणजे काय असेल याचा विचार करावा. वर्तमानपत्र असो, नाटक असो वा गीत, सगळे आधी सेन्सॉरच्या टेबलावर जाई. त्याची पेन्सिल निळी असे आणि लोक सेन्सॉरलाच 'निळी पेन्सिल' म्हणत. (आम्हा मास्तरांची लाल पेन्सिल त्या मानाने गरीब बिचारी.) गुप्त पोलीस निराळेच. १९६१ पासून अंगोलात, १९६३ पासून गिनीत आणि १९६४ पासून मोझांबिकमध्ये वसाहतींचे युद्ध पेटलेले होते आणि गावोगावची तरुण पोरे त्यात जात होती.

पण पेन्सिल कितीही टोकदार असली तरी कवी तिच्याखालून सटकतातच. आरी दुश सांतुश नावाचा एक कवी, विचाराने कम्युनिस्ट, या महोत्सवासाठी गाणी लिहू लागला. १९६९ साली त्याने मक्याची कणसे सोलण्याच्या सुगीवर गाणे रचले. सिमोन द ओलिव्हेइरा या गायिकेने ते गायले. मूल जन्माला घालण्यातल्या बाईच्या आनंदाबद्दल त्यात एक ओळ होती आणि तिच्यावरून सोवळ्या मंडळींनी देशभर गहजब केला. माद्रिदला त्या गाण्याला अवघे चार गुण मिळाले, पण गायिका परतली तेव्हा लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर तिच्या स्वागताला गर्दी लोटली होती. १९७३ साली त्याच कवीने बैलझुंजीवर गाणे लिहिले. ऐकणाऱ्यांना कळत होते की झुंजीच्या मैदानात उभा आहे तो आपलाच ढोंगी समाज आणि त्याचे पुढारी. सेन्सॉरच्या हे ध्यानात आले नाही की त्याने कानाडोळा केला, कोण जाणे! गाणे महोत्सवात जिंकले आणि देशाचे गाणे म्हणून बाहेर गेलेही.

आता १९७४. सालाझार १९७० मध्ये वारला होता. त्याच्या जागी १९६८ पासून मार्सेलु कायतानु पंतप्रधान होता. माणूस बदलला, गाडी जुनीच. ७ मार्चला लिस्बनच्या मारिया मातुश नाट्यगृहात महोत्सव झाला. पाउलु द कार्व्हाल्यु या तरुण गायकाचे गाणे निवडले गेले. त्याच्या नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'. गीत जुझे नीझाचे, चाल जुझे काल्व्हारियुची. नीझा पेशाने डॉक्टर, अंगोलाच्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून राहून आलेला. पण गाण्यात ना युद्ध, ना सरकार. प्रेम संपल्यावर उरलेल्या माणसाचे ते एकाकी गाणे आहे. निळ्या पेन्सिलीला त्यात काय सापडणार?

६ एप्रिलला इंग्लंडात ब्रायटनला स्पर्धा झाली. १९६६ पासून असलेली स्वभाषेची सक्ती आदल्या वर्षीच उठली होती. स्वीडनच्या 'आबा' या चमूने इंग्रजीत गाऊन बाजी मारली आणि पुढे जगभर नाव कमावले. पोर्तुगालचा गायक पोर्तुगीजमध्येच गायला. सतरा देशांत त्याला तीन गुण मिळाले. तेवढेच तीन-तीन गुण मिळालेल्या आणखी तीन देशांसह तो तळाला राहिला. आमच्या शाळेत असा निकाल लागला असता, तर संगीताच्या बाईंनी आठवडाभर कोणाशी बोलणे टाकले असते.

इकडे पोर्तुगालमध्ये युद्धाला कंटाळलेले तरुण कॅप्टन आणि मेजर गुपचूप एकत्र आले होते. उठावाचा आराखडा मेजर ओतेलु सराइव्हा द कार्व्हाल्यु याच्याकडे होता. निरनिराळ्या छावण्यांतील तुकड्यांना एकाच वेळी इशारा कसा द्यायचा? टेलिफोनवर कान लावून बसलेले होतेच. तेव्हा ठरले रेडिओ! ठरलेल्या क्षणी ठरलेले गाणे लागले की तयार व्हायचे. आधी नाव निघाले जुझे अफोन्सोच्या गाण्याचे. हा अफोन्सो शाळामास्तर होता. मोझांबिकमध्येही त्याने शिकवले होते. सरकारने त्याला शिक्षकी पेशातून काढून टाकले, तेव्हा गाणे हाच त्याचा चरितार्थ झाला. पण लिस्बनच्या रेडिओवरील निवेदक जुआंव पाउलु दिनीश याने शंका काढली. अफोन्सोचे गाणे अचानक लावले तर संशय येईल. त्यापेक्षा नुकतेच स्पर्धेला जाऊन आलेले, सगळ्यांच्या तोंडी असलेले ते निरोपाचे गाणे लावू. ते केव्हाही लावले तरी कोणी भुवई उंचावणार नाही.

दिनीशची ही सूचना मला नेहमी थक्क करते. जे गाणे देशाने राजरोस, सरकारी दूरदर्शनच्या मंचावर निवडले, त्याच्याइतकी सुरक्षित लपण्याची जागा दुसरी कोणती?

२४ एप्रिल १९७४, रात्री दहा वाजून पंचावन्न मिनिटे. दिनीशने तबकडी लावली. त्याच्या केंद्राचा आवाका लिस्बनपुरता होता, म्हणून दुसरा इशारा देशभर ऐकू जाणाऱ्या रेडिओ रेनासेन्सावरून द्यायचा होता. मध्यरात्रीनंतर बारा वीसला तेथून अफोन्सोचे 'ग्रांदुला, व्हिला मोरेना' लागले. एका खेड्यातील बंधुभावाचे ते गाणे. आता मागे फिरायचे नाही, असा त्याचा अर्थ. सांतारेंहून कॅप्टन साल्गेइरु माया आपली तुकडी घेऊन निघाला. संध्याकाळपर्यंत कार्मु बराकीत लपलेला कायतानु शरण आला. रस्त्यावरच्या लोकांनी सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची फुले खोवली, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चौघे ठार झाले, हे फुलांच्या गोष्टीत राहून जाते.

त्यानंतर काशियशच्या तुरुंगाची दारे उघडली आणि राजकीय कैदी बाहेर आले. हे नाव वाचले की मी थांबतो. गोव्याच्या मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, ते पोर्तुगालला नेले गेले आणि याच काशियशच्या गढीत राहिले. १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला, पण रानडे मात्र आतच! त्यांच्या सुटकेसाठी विमोचन समिती उभी करून धडपडणारा माणूस कोण, तर संगीतकार सुधीर फडके. आपल्या घरोघरी ज्यांची गाणी वाजली ते बाबूजी. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेलीच्या मुक्तीत त्यांनी स्वतः भाग घेतलेला होता. रानडे १९६९ च्या जानेवारीत सुटले. पाच वर्षांनी त्या तुरुंगातले उरलेले कैदी सुटले, त्या दिवसांची सुरुवातही एका गाण्यानेच झाली होती.

रेडिओचे म्हणाल तर आपला भागही मागे नव्हता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलात राहून गोव्यासाठी गुप्त केंद्र चालवले, आधी आंबोलीला आणि मग कॅसलरॉकला. कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून ते बोलत असत, कारण दोन्ही भाषांचे श्रोते हवे होते. सहा वर्षे हे चालले. लिबियाताईंना २०२५ साली, शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली. लोंढ्याहून पुढे गाडी कॅसलरॉकला थांबते, तेव्हा मी मुलांना त्या झाडीकडे बोट दाखवून हे सांगत असतो. निम्मी मुले त्या वेळी दूधसागर कधी येणार हे विचारत असतात.

लिस्बनच्या नव्या सरकारने तेरा वर्षे अडलेली एक गोष्ट वर्षाच्या आत केली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा, नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिस यांनी सही केली, आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. बडतर्फ केलेल्या व्हासालो इ सिल्व्हांनाही लष्करात परत सन्मान मिळाला. १९८० साली ते गोव्याला आले, तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

आणि स्पर्धा? १९७५ साली पोर्तुगालचे गाणे घेऊन स्टॉकहोमला गेला दुआर्ति मेन्दिश. तो उठावात सामील झालेला लष्करी कॅप्टन होता आणि त्याचे गाणे पहाटेवर होते. तोही तळाकडेच राहिला. पुढे चार दशके पोर्तुगाल गाणी निवडत आणि हरत राहिला. २०१७ मध्ये सर्वत्र इंग्रजी गाण्यांची चलती असताना साल्व्हादोर सोब्राल या तरुणाने बहीण लुईझाने रचलेले हळुवार पोर्तुगीज गाणे कीव शहरात गायले. ७५८ गुण मिळवून पोर्तुगाल प्रथमच जिंकला, पहिल्या शून्यानंतर त्रेपन्न वर्षांनी.

आमच्या बैठकीचे राहिलेच. घंटेनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. कन्नडच्या सरांनी स्वतः होऊन बाईंच्या गाण्याला होकार दिला, मात्र दुसरे कडवे मुलांना नीट म्हणता येत नाही, ते आधी पाठ करून घ्या म्हणाले. पुढच्या वर्षी वचन, असे बाईंनी कबूल केले आहे. तालीम रोज चौथ्या तासानंतर चालू आहे.