शेवाळ, गोगलगायी आणि बंड्या

परवा सासूबाई टाकीपुढे खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या गोगलगायी पाच होत्या ना? मला चारच दिसतायत." पाचवी पंपामागे सापडली. पण ह्या घरात कुणी गोगलगायी मोजत बसेल असं मला वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

वर्षापूर्वी आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळाने उच्छाद मांडला होता. खडकांवर बोट बोट लांबीचे हिरवे केस. मी आपली अस्सल गृहिणी. एका रविवारी सगळे खडक बाहेर काढले, नळाखाली धरले आणि ब्रशने खसाखसा घासले. टाकी अशी लखलखीत झाली की काय विचारता! तिसऱ्या दिवशी बंड्या, म्हणजे आमचा क्लाउनफिश, गेला.

चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला. "आई, घाण होती तेव्हा जगला, मग स्वच्छ केल्यावर का मेला?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी पार 1850 सालच्या लंडनला पोचले.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथला रसायनशास्त्रज्ञ. त्याने काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, पाणी बदलायला नको, असा हिशोब. हिशोब बरोबर होता, पण पानं कुजायला लागली आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टनने काय केलं? तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर खाल्ला आणि भांडं सावरलं. पुढे 1852 मध्ये त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यात सुरू केला.

काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. त्यात 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉसचं 'द अक्वेरियम' आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत समुद्राची लाटच आली. मग काय, खिडकीत ठेवलेल्या टाक्या, त्यावर ऊन, आणि पंधरा दिवसांत हिरवंगार पाणी. (ओळखीचं वाटतंय ना?) गॉस मात्र भिंग घेऊन बसायचा आणि समुद्री गोगलगाय आपल्या दातेरी जिभेने काचेवरचं शेवाळ कसं खरवडते ते तासन् तास बघायचा. बहुतेक हौशी लोकांना तेवढा धीर नव्हता. 1860 च्या दशकात ती लाट ओसरली.

हार न मानणारा एक होता, विल्यम आल्फर्ड लॉइड. 1871 मध्ये क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उघडलं तेव्हा त्याने दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा खाली अंधारात ठेवला आणि पाणी सतत फिरतं ठेवलं. अंधारात शेवाळ वाढत नाही, आणि जास्त पाण्यात घाण विरते. आजच्या टाक्यांखाली कपाटात जो 'संप' असतो, तो ह्याच कल्पनेचा नातू म्हणायला हरकत नाही.

पुढे 1980 च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी ह्यांनी तर कमालच केली. शेवाळ मुद्दाम वाढवायचं, पण वेगळ्या जाळीवर, भरपूर उजेडात. ते पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट शोषतं. मग ते खरवडून काढलं की तो माल टाकीबाहेर जातो.

तर चिरंजीवांच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. शेवाळ हा रोग नव्हताच, लक्षण होतं. मी मीठ नळाच्या पाण्यात कालवत होते, दिवा बारा तास जळत होता, आणि प्रेमापोटी दिवसातून चारदा खाणं पडत होतं. त्या खडकांतले जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवतात, आणि मी तेच क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकले होते. शेवाळ राहिलं असतं तर बंड्या राहिला असता. हे मी मुलाला जसंच्या तसं सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी खाण्याची डबी स्वतःच्या ताब्यात घेतली!

आता आरओचं पाणी, सात तास दिवा, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, आणि खडक टाकीतच ठेवून हाताने उपटता येईल तेवढंच उपटायचं. तीन महिने लागले. उपटलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाकते, मोरीत नाही. 1984 मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा नावाचं शोभेचं शेवाळ दिसलं आणि पुढे ते भूमध्य समुद्रात किती पसरलं, हे वाचल्यापासून तेवढी धास्ती बसलीय.

मागची काच मात्र मी घासत नाही. ती गोगलगायींची. सासूबाईंना मोजायला काहीतरी हवंच ना! असो.