मासिकातली गोष्ट, पडद्यावरचे कूळ

रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट पाहणाऱ्यांत नोकरदार असत, कोळी असत, आणि खोताचा खंड भरता भरता कणगी रिकामी झालेली कुळेही असत. पलीकडे गिरणी होती, आणि सिनेमाही होता. या कुळाची हकिकत पडद्यावर आली का, आणि आली तर कोणाच्या वाटेने आली, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही.

वाट मासिकांतून जात होती. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' १८९० चे; का. र. मित्रांचे 'मनोरंजन' १८९५ चे, त्याचा दिवाळी अंक १९०९ चा. मराठी लघुकथा या पानांवर वाढली. तिने विधवेचे दुःख मांडले, स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली. ते कमी महत्त्वाचे नाही. परंतु तिचे सारे जग माजघर ते ओसरी एवढेच. मागच्या दाराशी भाकरीसाठी उभी राहिलेली बाई त्या गोष्टीत नायिका होत नव्हती. १९२० साली 'मूकनायक' काढावे लागले ते याच मुक्या जागेतून, आणि त्याची जाहिरात पैसे घेऊनही 'केसरी'ने छापली नाही.

सिनेमा या मासिकांच्या शेजारीच जन्मला. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहून आपल्या धंद्याची हकिकत सांगितली: ख्रिस्ताचे चित्र पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहिले होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. हरिश्चंद्राचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात राजाच्या अधोगतीची शेवटची पायरी कोणती? डोंबाची चाकरी. राजासाठी आपण रडतो. त्या डोंबाच्या जन्मभराच्या स्मशानासाठी कोणी डोळे पुसल्याचे ऐकिवात नाही!

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली हरिभाऊंच्या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला. १९२५ साली त्यांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला, आणि येथे मात्र थांबले पाहिजे. देव नाही, राजा नाही. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती. कर्ज, कागद, जप्ती, गिरणी हा प्रवास पडद्यावर आणण्याचे धैर्य त्या काळी मोठेच. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या नायकाजवळ गमावण्याजोगी जमीन आहे. रेवसच्या बोटीत चढणारे कूळ दुसऱ्याची जमीन कसत होते, आणि महाराच्या वाट्याला वतनाच्या नावाखाली वेठ होती. त्यांची गोष्ट सावकाराच्या कागदापासून सुरू होत नाही. ती कागदाच्या कितीतरी आधी, जन्मापासून सुरू होते.

१९३३ साली चरीच्या कुळांनी संप केला आणि तो सहा वर्षे चालवला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी प्रभातने नारायण हरी आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट'वरून 'कुंकू' काढला. जरठविवाहाविरुद्ध उभी राहिलेली नीरा मराठी घरांना हलवून गेली. चरी मात्र प्रभातच्या पडद्यावर आली नाही.

आता थोडे प्रेक्षागृहाकडे. मूकपटात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत, आणि ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. मासिकाचा उंबरठा ज्याला ओलांडता आला नाही, त्याच्यापर्यंत गोष्ट अशी पोहोचली. त्याने ती नुसती ऐकली असे समजण्याचे कारण नाही. वाटेगावच्या मांगवाड्यातून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरे पक्की केली. ज्या भिंतींवर दुसऱ्यांच्या गोष्टींची चित्रे चिकटवली होती, त्याच भिंती त्यांची शाळा झाल्या. १९५९ साली 'फकिरा' आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग नायक आहे.