मातेचा मानसिक आजार, व्यसन आणि मुलांचे मनःस्वास्थ्य (नांदेड–लातूर)

गरोदरपणी, बाळंतपणानंतर किंवा मूल वाढत असताना आईला जडलेल्या मानसिक आजाराचा अथवा व्यसनाचा मुलाच्या मनावर व वाढीवर होणारा परिणाम. नांदेड–लातूरच्या खेड्यांत असा आजार फार क्वचित आजार म्हणून ओळखला जातो. ‘मन लागत नाही’, ‘धडधड होते’, ‘झोप येत नाही’ एवढेच बाई सांगते. पुष्कळदा घरचे ‘बाहेरचं’ समजून आधी देवऋषाकडे जातात आणि तोवर लेकराच्या पहिल्या वर्षाचे मोलाचे महिने निघून जातात.

यासंबंधीचा जवळचा भक्कम पुरावा गोव्यातील आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथील एका जिल्हा रुग्णालयातील 270 मातांचा अभ्यास केला (2002). प्रसूतीनंतर 6 ते 8 आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी 23 टक्के नैराश्यग्रस्त आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलग्याची आस असताना झालेली मुलगी ही कारणे ठळक होती. 2003च्या अहवालानुसार अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने कमी व बौद्धिक वाढीत मागे होती. खचलेली आई बाळाच्या हुंकाराला ओ देऊ शकत नाही, अंगावर पाजणे विस्कळीत होते. ती निष्ठुर नसते, आजारी असते. मोठ्या मुलांमध्ये हाच ताण अंथरुणात लघवी, चिडचिड, शाळा बुडणे अशा रूपांत दिसतो. थोरल्या मुलीवर तर अकाली घर सांभाळण्याची वेळ येते.

कोरडवाहू शेती, कर्ज, बालविवाह, ऊसतोडीचे स्थलांतर आणि शेतकरी आत्महत्येनंतर एकटीवर पडलेला संसार यांमुळे नांदेड–लातूर भागात आईच्या मनावरील भार वाढतो. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात मुले गमावलेल्या मातांनी उरलेली मुले वाढवली, तीही त्या दुःखाच्या छायेतच.

दारूचे व्यसन घरात बहुधा बापाचे असते. त्याचा मार आईला आणि धाक लेकरांना. स्त्रियांमध्ये मशेरी व तंबाखूची सवय अधिक, आणि ती कोणी व्यसनात मोजत नाही. निकोटिनमुळे गर्भाचा रक्तपुरवठा घटून बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. गरोदरपणातील मद्य गर्भाच्या मेंदूला कायमची इजा करू शकते.

आईचा आजार म्हणजे मुलाचे ठरलेले नशीब नव्हे. जीव लावणारी आजी किंवा मावशी घरात असली की मूल पुष्कळ सावरते, आईवर वेळेत उपचार झाले तर अधिकच. स्तनपान चालू असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधे आहेत. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार रुग्णालयात दाखल मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. अंगणवाडीत बाळाचे वजन होते तेव्हाच मायलाही ‘झोप लागते का, रडू येते का’ असे विचारले जावे. टेली-मानस या शासकीय दूरध्वनी सेवेची मोफत मदत 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते.