'भूत'मधला समतोल नेमका कोणाचा?

माध्यम-अभ्यासाच्या वर्गात भयपटाचं कथन उलगडायचं म्हटलं की बहुतेक वेळा एकच साचा पुढे येतो. त्स्वेतान तोदोरोव्ह यांच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या पाच पायऱ्यांचा: समतोल, त्याचा भंग, भंगाची जाणीव, दुरुस्तीचा खटाटोप आणि नवा समतोल. राम गोपाल वर्मा यांचा 'भूत' (२००३) या साच्यात सहज बसतो, असं मानलं जातं. विशाल आणि स्वाती मुंबईतल्या उंच इमारतीत भाड्याने राहायला येतात, हा समतोल. स्वातीला झपाटलं जातं, हा भंग. सरिता ही मांत्रिक उपाय शोधते, खुनी संजय पकडला जातो, स्वाती बरी होते. पाचही रकाने भरले.

माझा आक्षेप पहिल्याच रकान्याला आहे. तो फ्लॅट स्वस्तात मिळालेला असतो, कारण आधीची भाडेकरू मनजीत आणि तिचा लहान मुलगा तिथे मेलेले असतात. विशालला हे ठाऊक असतं आणि तो ते स्वातीपासून लपवतो. त्याचा भुताखेतांवर विश्वास नाही, हे खरं. पण मेलेल्यांच्या नावावर मिळालेली सवलत त्याने घेतली आहे. याला समतोल कसं म्हणायचं?

अंधेरी-बोरिवलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ब्रोकर उजेड, पाण्याची वेळ, स्टेशनचं अंतर सगळं सांगतो. आधीचं कुटुंब का गेलं, ते सांगत नाही. ते कळतं वॉचमनकडून, नाहीतर त्याच घरात आधीही काम केलेल्या बाईकडून. 'भूत'मध्येही तसंच घडतं. डॉक्टर हतबल होतो, इन्स्पेक्टर नवरा-बायकोवरच संशय घेतो. पण स्वातीचं किंचाळणं ऐकून 'ही तर मनजीतची ओरडण्याची पद्धत' हे ओळखते घरकाम करणारी बाई (सीमा बिस्वास). सरिताचा रस्ताही तीच दाखवते. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांतून ज्या सात भूमिका काढल्या, त्यांतली नायकाला साधन पुरवणाऱ्या दात्याची भूमिका सरसकट सरिताला दिली जाते. ती आधी या बाईची आहे. आणि खलनायक म्हणून स्वातीला झपाटणाऱ्या मनजीतचं नाव लिहिणं तर साफ चूक. प्रॉपच्या हिशेबात खलकृत्य करणारा तो खलनायक. इथे ते कृत्य सिनेमा सुरू होण्याआधीच घरमालकाचा मुलगा संजय करून गेला आहे.

यावर एक शहाणा प्रतिवाद होऊ शकतो. घटना ज्या क्रमाने घडल्या आणि ज्या क्रमाने सांगितल्या, यांत रशियन रूपवाद्यांनी फरक केला आहे. तेव्हा घडल्याचा क्रम धरा, मग साचा टिकतो. मान्य. पण मग समतोल मनजीत आणि तिच्या मुलाचा ठरतो, आणि विशाल-स्वातीचं सामान वर चढतं ते भंगाच्या ऐन मध्यात. गोष्टीची मालकीच बदलते. साचा असा वाचवायचा तर तो भरणाऱ्यांना ही किंमत चुकवावी लागेल.

'हे पाश्चात्त्य सिद्धांत आपल्या भुतांना लागूच नाहीत, भयानक रस पुरे,' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. रसविचार प्रेक्षकाच्या भयाबद्दल सांगतो; फ्लॅटमध्ये कोणी कोणापासून काय लपवलं, याची उकल त्यातून होत नाही. उलट तोदोरोव्हचाच दुसरा निबंध इथे जास्त कामाचा आहे. रहस्यकथेवरच्या १९६६ च्या त्या निबंधात ते म्हणतात की अशा कथेत दोन गोष्टी असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची. पहिली संपल्यावरच दुसरी सुरू होते, आणि शोध घेणाऱ्याला धक्का लागत नाही.

'भूत' नेमकं हेच मोडतो. पहिल्या गोष्टीतली मनजीत दुसऱ्या गोष्टीत येऊन उभी राहते, आणि जिचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही त्या स्वातीचं शरीर वापरते. मनजीतच्या मुलाचा जीव घेणारा इमारतीचा वॉचमन मरतो, तो स्वातीच्या हातून. शोधकाला मिळणारं अभय काढून घेतलं की रहस्यकथेची भयकथा होते, असं मला ठामपणे वाटतं. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'तही (२०१७) हेच आहे: उसाच्या रानातल्या घरात गर्भवती नेहा येते, तेव्हा स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास तिच्या आधीपासून तिथे बसलेला असतो, आणि तो तिच्याच पोटावर टपलेला असतो.

राहता राहिला 'नवा समतोल'. संजय कबुली देतो, कायदा त्याला ताब्यात घेतो. साच्याप्रमाणे सिनेमा इथे संपायला हवा. पण अंधाऱ्या कोठडीत तो एकटं सोडू नका म्हणून गयावया करतो, इन्स्पेक्टर निघून जातो आणि मनजीत तिथेही येते. कबुलीनंतरही तिचा हिशेब मिटलेला नाही. स्वातीच्या हातून झालेल्या खुनाचं ओझंही तिच्या संसारात तसंच राहिलं आहे. समतोल परत आला असं लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी कुठे मांडल्या, ते आधी दाखवावं.