येडशीच्या भरावापासून गोदावरीच्या कमानीपर्यंत : एका बांधकाम घराण्याची हकीगत



श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला. या स्मरणिकेत स्थानमाहात्म्य, उत्सवांची परंपरा आणि देणगीदारांची नामावली आली आहे. संपादक मंडळींनी मला सांगितले, "गुरुजी, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." देवाचा इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु देऊळ ज्यांच्या हातांनी उभे राहते त्या बांधणाऱ्यांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्याला एक कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

आपले गाव नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. जुनी माणसे लातूरच्या बाजाराला जात तेव्हा तिथल्या छोट्या गाडीच्या गोष्टी घेऊन परत येत. ही छोटी गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने काढली. १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच ती धावत होती. पुढे ती बालाघाटाचा चढ चढून येडशी, तडवळे करीत १९११ साली लातुरास पोचली. दुसरीकडे ती पंढरपूर आणि तेथून १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. कॅलथ्रॉप साहेबाचा हिशेब मोठा शहाणपणाचा होता. चाकांच्या कोणत्याही जोडीवर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालाचा डबा. भार सारखा वाटला की हलका रूळही टिकतो आणि कमी खर्चात रेल्वे होते. भार सारखा वाटण्याचे हे सूत्र पुढेही आपल्याला लागणार आहे, ते लक्षात असू द्यावे.

आता मूळ कथेकडे वळू. या रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम ज्या दोन भागीदारांनी घेतले, त्यांतील एक होते लक्ष्मण बळवंत फाटक. हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. दुसरे होते सोलापूरचे एक तरुण, वालचंद हिराचंद दोशी. त्यांचा जन्म सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत काही काळ शिक्षण झाले, परंतु पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ घरचे भांडवल आणि धाडस होते. या दोघांच्या भागीदारीतून 'फाटक-वालचंद' ही कंत्राटदारी पेढी उभी राहिली. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. येडशी आणि तडवळे ही गावे तेव्हा निजामाच्या राज्यात होती. उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. आपला लातूर जिल्हासुद्धा १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. भारतातील एका फार मोठ्या बांधकाम घराण्याने कामाचे पहिले धडे गिरवले ते आपल्या मराठवाड्याच्या मुरमात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

त्या काळी रेल्वेचे कंत्राट म्हणजे काय, हे आजच्या पिढीस सांगितले पाहिजे. जेसीबी नव्हता, डंपर नव्हता. कुदळ, फावडे, पहार, घमेले आणि गाढवांचे तांडे एवढीच सामग्री. उंचवटा दिसला की तो खोदायचा, खोलगट जागा आली की भराव घालायचा, ओढा आडवा आला की दगडी मोरी बांधायची. काम मोजणीवर चाले. किती घनफूट माती हलली हे साहेब मोजून वहीत लिहिणार आणि त्यावर बिल निघणार. मजुरांचा पगार मात्र बाजाराच्या दिवशी द्यावाच लागे. बिल थकले तरी हजेरीपट थांबत नाही. या दोहोंच्या मधला जो काळ असतो तोच कंत्राटदाराच्या कसोटीचा काळ. त्या काळात ज्याची पत टिकते तो टिकतो, बाकीचे बुडतात. सावकारी घराण्यातील वालचंदांना हे गणित समजले होते आणि रेल्वे कचेरीचे कागद फाटकांना समजत होते. भागीदारी शोभावी ती अशी.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि तिच्या कारभाराची सूत्रे वालचंदांकडे आली. मुंबई-पुणे रेल्वेच्या बोरघाटातील बोगद्यांचे अवघड काम याच काळातले. तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या मोठ्या नळांचे कामही त्यांनी केले. एतद्देशीय माणसाने डोंगर फोडून रेल्वेचे बोगदे करावेत, यावर तेव्हा अनेक गोऱ्या साहेबांचा विश्वास बसत नव्हता. २७ जानेवारी १९२६ रोजी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. नावातच हिंदुस्थान होता. त्या काळी असे नाव ठेवणे हीसुद्धा एक प्रतिज्ञाच म्हणावी लागेल. सिंधू नदीवरील कालाबागचा पूल या कंपनीने बांधला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या पाण्यासाठी वैतरणेचे धरण, साताऱ्याकडील कोयनेचे धरण, बंगालमधील फराक्क्याचा बंधारा अशी एकाहून एक मोठी कामे तिच्या हातून झाली.

वालचंदांनी केवळ बांधकामच केले असे नाही. सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज १९१९ साली मुंबईहून निघाले, त्यामागे ते होते. बंगळूरचा विमान कारखाना १९४० साली आणि मोटारींची प्रीमियर कंपनी १९४४ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. विशाखापट्टणची गोदी, रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर कारखाने हाही त्यांचाच पसारा. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. येडशीच्या माळावर माती मोजणारा माणूस जहाज, विमान आणि मोटार येथवर गेला, परंतु या सर्वांचा पाया मात्र मातीकामाने घातला होता.

त्यांच्यामागे त्यांचे बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी उद्योग सांभाळले. कालांतराने घराण्यात वाटण्या झाल्या. बांधकाम कंपनी गुलाबचंदांच्या शाखेकडे राहिली आणि १९८३ पासून गुलाबचंदांचे पुत्र अजित यांनी तिची धुरा घेतली. ३० जून २००९ रोजी खुला झालेला मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीने बांधला. आपणा नांदेडकरांस अधिक जवळचे वाटेल असे आणखी एक काम आहे. नांदेडच्या घाटावर जिला आपण ओंजळीने अर्घ्य देतो ती गोदामाई पुढे आंध्रात राजमहेंद्रीस जाते. तेथे रेल्वेसाठी पावणेतीन किलोमीटर लांबीचा कमानींचा पूल आहे. १९९७ साली पुरा झालेला हा पूलही याच कंपनीचा. ज्या घराण्याने आपल्या मातीत पहिला भराव घातला, त्यानेच आपल्या नदीवर शेवटच्या टप्प्यात कमानी उभ्या केल्या, हा योगायोग सुखावणारा आहे.

परंतु इतिहास लिहिताना फक्त कळस दाखवणे प्रामाणिकपणाचे नाही. या कंपनीलाही वाईट दिवस आले. पुण्याजवळ डोंगरात उभारायला घेतलेले लवासा शहर पर्यावरणाच्या वादात आणि कर्जात सापडले आणि २०१८ साली ती उपकंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मूळ कंपनीवरही कर्जाचा डोंगर झाला. त्यामागे एक जुनेच दुखणे होते. पूर्ण केलेल्या सरकारी कामांचे पैसे वर्षानुवर्षे लवादात आणि कोर्टात अडकून पडणे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात या कंपनीचेच नाव आहे. लवादाने दिलेला निर्णय केवळ अपील केले म्हणून आपोआप थांबणार नाही, असा त्या निकालाचा आशय. येडशीच्या माळावर जे गणित होते तेच शंभर वर्षांनंतर राहिले. बिल थकते, हजेरीपट थांबत नाही.

आणि हजेरीपटावरची ती माणसे? वडार, बेलदार, गवंडी, खाणकरी, घमेले वाहणाऱ्या बाया. कंपनीचा इतिहास लिहिला जातो, त्यांचा लिहिला जात नाही. येडशी ते लातूर कोणी किती माती वाहिली, त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत नाहीत. हीच खंत मनात ठेवून मी आपल्या समितीस विनंती केली आणि समितीने ती मानली, की या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर देणगीदारांच्या बरोबरीने मंदिरावर काम केलेल्या प्रत्येक गवंड्याचे, पाथरवटाचे आणि मजुराचे नाव छापावे.

ही छोटी गाडी १९५४ साली सरकारजमा झाली. २००७-०८ च्या सुमारास लातूरपर्यंतचे रूळ रुंद झाले, धाराशिव शहर जोडण्यासाठी वाट थोडी वळवली गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गे पाण्याची गाडी लातुरास आली. पहिल्या खेपेला १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या दिशेने भराव घातला गेला, त्याच दिशेने तहानलेल्या माणसांपर्यंत पाणी पोचले. चांगले बांधकाम कोणाच्या कामी कधी येईल हे बांधणाऱ्यालाही माहीत नसते.

वाईट बांधकाम काय करते, तेही आपण पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसे गेली. भूकंपाने माणसे मारली असे आपण म्हणतो, पण खरे पाहता त्यांना त्यांच्याच घरांनी मारले. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, बाहेरचा थर वेगळा आणि आतला थर वेगळा, दोहोंना जोडणारा आरपार दगड नाही आणि वर माळवदाची टनावारी माती. धक्का बसताच दोन थर फाकले आणि माळवद खाली आले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पुढे अभियंत्यांनी सांगितले ते साधेच होते. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाचा भार कमी करा. भार सारखा वाटा आणि भिंती एकमेकींस बांधा. कॅलथ्रॉप साहेबाचे सूत्र आपण घरापर्यंत आणले असते तर!

आता ते कारण सांगतो. त्या पहाटे आपल्या गावात सुदैवाने कोणी दगावले नाही, परंतु मंदिराची पूर्वेकडची ओवरी कोसळली. त्या ओवरीत उत्सवाच्या रात्री पन्नास माणसे झोपत. भूकंपानंतर आपण घाईने दुरुस्ती केली. जुन्या चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंटचा गिलावा केला, शिखरावरही सिमेंट थापले. चुना श्वास घेतो, दगडात शिरलेला ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट तो कोंडून ठेवते. काही पावसाळ्यांत गिलावा फुगला, गाभाऱ्यात पाणी ठिबकू लागले, दगडाच्या कपच्या निघू लागल्या. आपण सर्वांनी त्या कंत्राटदारास दोष दिला. त्याचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. मी त्या वेळच्या समितीत होतो, म्हणून आज कबूल करतो. त्याने जुन्या पद्धतीचा चुना सुचवला होता, पण आम्हीच खर्च वाचवण्यासाठी नको म्हटले. काम चालू असता देखरेखीस कोणी नियमाने गेले नाही. आणि त्याचे शेवटचे बिल आम्ही दोन वर्षे अडवून ठेवले. गावात त्याची बदनामी झाली, ती आमच्या तोंडून झाली.

या वेळी तसे झाले नाही, हे नमूद करताना समाधान वाटते. सिमेंट काढून चुन्याच्या दरजा भरल्या, ओवरीच्या भिंतींत आरपार दगड आले आणि वर पट्टा फिरला. दर पंधरवड्याला मोजणी होऊन वहीवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आणि मजुरांचा एकही बाजार चुकला नाही. देणगीदारांच्या पैशाचा याहून चांगला हिशेब मला माहीत नाही.

या वर्षीच्या उत्सवात ओवरीत पुन्हा पन्नास माणसे झोपतील. त्यांस निर्धास्त झोप लागो, एवढेच श्रींच्या चरणी मागणे.