काउबचा जकातनाका

युरोपातल्या नदीवरची पहिली क्रूझ करणाऱ्यांच्या प्रवासात एक दिवस असा येतो, की सगळी बोट जेवणाची खोली सोडून वरच्या डेकवर गोळा होते. ऱ्हाईन नदीचा ऱ्यूडेसहाइम ते कोब्लेन्झ हा साधारण ६५ किलोमीटरचा टप्पा. दोन्ही काठांवर उभ्या चढाचे द्राक्षमळे, खाली चिमुकली गावं आणि जवळपास प्रत्येक वळणावर एक किल्ला. मोजले तर चाळीसच्या आसपास भरतात. दहाव्या किल्ल्यानंतर कुठला फोटो कुठल्या किल्ल्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

एवढ्याशा टप्प्यात एवढे किल्ले कशाला? शत्रू काय दर दोन किलोमीटरला येत होता? शत्रू यायचा तेव्हा यायचा, व्यापारी मात्र रोज यायचे. दारू, मीठ, धान्य, लाकूड घेऊन. पाण्यावर ज्याची नजर, त्याची जकात. यातले अनेक किल्ले, सरळ सांगायचं तर, टोलनाके होते.

याचा सगळ्यात निर्लज्ज नमुना काउब गावासमोर आहे. निर्लज्ज म्हणतोय, कारण बाकीचे किल्ले निदान डोंगरावर तरी बसले आहेत. फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा हा किल्ला थेट नदीच्या मधोमध खडकाच्या बेटावर उभा आहे. लांबून तो दगडी जहाजासारखा दिसतो. १३२७च्या सुमारास लुडविग या बव्हेरियन राजाने तो बांधायला घेतला, तो जकात वसूल करण्यासाठीच. काठावर काउबचं तटबंदीचं गाव, वर डोंगरावर गुटेनफेल्स किल्ला आणि मध्ये हा. या तिघांच्या मधून न थांबता जाणं कुठल्याही नावाड्याला परवडणारं नव्हतं.

अठराव्या शतकाच्या शेवटीही स्ट्रासबुर्गपासून डच सरहद्दीपर्यंत असे तीसहून जास्त नाके होते. प्रत्येक नाक्याचा मालक वेगळा. कुणी सरदार, कुणी आर्चबिशप, कुणी शहर. प्रत्येक ठिकाणी बोट काठाला लावायची, माल दाखवायचा, पैसे मोजायचे. १८०४मध्ये नेपोलियनचा फ्रान्स आणि जर्मन साम्राज्य यांच्यात करार झाला आणि हा गोंधळ मोजक्या नाक्यांवर आणला गेला. त्या कराराचं नाव ‘ऑक्ट्रॉय’ करार. आपल्या महापालिकांच्या जकातीला इंग्रजी कागदपत्रांत जो शब्द असायचा, तोच हा.

अशा नदीवरून १८१४च्या उन्हाळ्यात एक इंग्रज मुलगी खाली आली. नुकतीच सतरा वर्षांची झालेली मेरी गॉडविन. सोबत तिचा प्रियकर, कवी पर्सी शेली (त्याचं लग्न आधीच झालेलं होतं) आणि तिची सावत्र बहीण क्लेअर. तिघं घरातून पळून स्वित्झर्लंडला गेले होते आणि तिथे पैसे संपले. घरी परतायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे नदी. आज ज्या प्रवासासाठी लोक वर्षभर पैसे साठवतात, तो या तिघांनी खिशात पैसे नव्हते म्हणून केला. मिळेल त्या होडीत बसून ते बाझेलवरून रॉटरडॅमच्या दिशेने निघाले. १८१७मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तिने माइन्झच्या पुढच्या किल्ल्यांचं आणि कड्यांचं कौतुक केलं आहे. बहुतेक सहप्रवाशांबद्दल मात्र गोड शब्द नाही. त्यांचं दारू पिणं, तंबाखू ओढणं, आरडाओरडा, सगळ्याचाच तिला वीट आला होता. पुढच्या वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली. त्यातही व्हिक्टर आणि त्याचा मित्र क्लेर्वाल याच नदीने स्ट्रासबुर्गहून रॉटरडॅमला जातात.

मेरी काउबवरून गेली त्याच्या आठ महिने आधी, १८१३ सालच्या अखेरच्या रात्री, प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर इथेच तरंगता पूल टाकून नेपोलियनच्या पाठलागावर नदी ओलांडून गेला होता. म्हणजे मेरीला दिसलेला शांत, रम्य काठ ही नुकतीच विझलेली रणभूमी होती.

युद्ध संपल्यावर व्हिएन्नात सगळे राजे जमले. १८१५च्या तहात ठरलं, की ऱ्हाईनवर सर्वांना मोकळेपणाने बोटी नेता येतील. देखरेखीसाठी नदीकाठच्या देशांचा एक आयोग नेमला गेला, त्याची पहिली बैठक ऑगस्ट १८१६मध्ये माइन्झला झाली. हा आयोग अजून जिवंत आहे, सध्या त्याचं कार्यालय स्ट्रासबुर्गला आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये याला सगळ्यात जुनी मानतात.

पण तह झाला म्हणून नाके दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. तहात लिहिलं होतं, की वाहतूक ‘समुद्रापर्यंत’ मोकळी राहील. डच म्हणाले, बरोबर, समुद्रापर्यंत, समुद्रात नव्हे! नदीच्या मुखावर त्यांची सत्ता होती, त्यामुळे एका शब्दाच्या आधारावर त्यांनी पंधरा वर्षं वसुली चालू ठेवली. तो वाद १८३१मध्ये मिटला. ऱ्हाईनवरच्या वाहतुकीवर जकात नाही, हे पक्कं झालं ते १८६८च्या मानहाइम करारात. काउबच्या नाक्याचं कामही त्याच सुमारास, प्रशियाने तो मुलूख घेतल्यावर संपलं. म्हणजे जवळपास साडेपाचशे वर्षांची वसुली.

नाके मोडत असतानाच वाफ आली. १८१६मध्ये एक इंग्रजी वाफेची बोट कोलोनपर्यंत आली. पुढच्या वर्षी जेम्स वॉटचा मुलगा स्वतःची बोट घेऊन कोब्लेन्झपर्यंत पोचला. १८२७पासून कोलोन आणि माइन्झच्या दरम्यान वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी बोटी धावू लागल्या. प्रवाहाविरुद्ध बोट ओढायला आतापर्यंत काठावरून घोडे लागत. आता तीच बोट धूर सोडत स्वतः वर जाऊ लागली.

१८२८मध्ये कोब्लेन्झच्या एका प्रकाशकाने योहान क्लाइन यांचं माइन्झ ते कोलोन प्रवासाचं पुस्तक काढलं. त्याचं उपशीर्षक मला फार आवडतं : ‘घाईने प्रवास करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक’. म्हणजे वेगवान बोट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि ‘दोन दिवसांत काय काय बघाल’ हा प्रकार सुरू झाला होता. पुढे ती प्रकाशनसंस्था त्याच गावातल्या कार्ल बेडेकर नावाच्या पुस्तकविक्रेत्याने विकत घेतली. युरोपभर गाजलेल्या बेडेकर गाइडबुकांची सुरुवात त्या पुस्तकातून झाली. (हे बेडेकर लोणच्याचे नव्हेत.) १८५५मध्ये थॉमस कुकने पहिल्यांदा इंग्रज प्रवाशांचा गट युरोपच्या मुख्य भूमीवर आणला, तेव्हा त्यानेही मार्गात ऱ्हाईन ठेवली.

आणि आता त्या ‘मध्ययुगीन’ किल्ल्यांविषयी. मूळ किल्ल्यांपैकी अनेकांची फ्रेंच फौजांनी १६८९च्या आसपासच धूळधाण केली होती. मेरीने पाहिले ते बहुतेक नुसते अवशेष. पुढे प्रशियाच्या राजपुत्रांना अवशेषांचं वेड लागलं. राइनश्टाइन किल्ला १८२५ ते १८२९मध्ये पुन्हा उभा राहिला. कोब्लेन्झजवळचा पिवळसर, देखणा श्टोल्त्सेनफेल्स १८४२मध्ये तयार झाला. वाफेच्या बोटीहून तो वयाने लहान आहे. बोटीतून बघायला लोक येत होते आणि त्याच काळात बघायचं दृश्यही नव्याने बांधलं जात होतं. मार्क्सबुर्गसारखा एखादाच किल्ला खरोखर कधीही न पडलेला.

लोरेलाइचंही तेच. काउबच्या पुढे १३२ मीटर उंच कडा येतो, अनेक बोटींवर लाउडस्पीकरवरून गाणं लागतं आणि सांगितलं जातं, की या कड्यावर बसून केस विंचरणारी सुंदरी नावाड्यांना भुलवून बुडवायची. कडा जुना, तिथले भोवरे आणि धोका खरा. पण ही बाई १८०१मध्ये क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने रचली. हाइनेच्या १८२४च्या कवितेने तिला प्रसिद्धी दिली आणि १८३७मध्ये तिला चाल मिळाली. तिकीट घेऊन बोटीने येणारे प्रवासी आणि ही ‘प्राचीन’ दंतकथा दोघंही एकाच पिढीतले.

या मोकळ्या नदीची किंमत कुणी मोजली, हे मात्र डेकवरून दिसत नाही. बोटी ओढणारे घोडेवाले वाफेने देशोधडीला लागले. १८४८च्या क्रांतीत त्यांनी वाफेच्या टग बोटींवर काठावरून हल्ले केले. ज्या पायवाटांवरून त्यांचे घोडे चालायचे, तिथे आज ठिकठिकाणी सायकलींचे मार्ग आहेत.

वरच्या बाजूला, बाझेलपासून पुढे, याहून मोठी उलथापालथ झाली. तिथली ऱ्हाईन शेकडो फाट्यांमधून, बेटांमधून वाहायची आणि पुरात गावंच्या गावं गिळायची. बाडेनचा इंजिनिअर योहान टुल्लाने वळणं कापून तिला सरळ करायची योजना मांडली. १८१७मध्ये क्नीलिंगेन गावाजवळ काम सुरू झालं, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि बंदोबस्ताला सैनिक आणावे लागले. काम १८७६पर्यंत चाललं. बाझेल ते वोर्म्स नदी ३५४ किलोमीटरची होती, ती २७३ किलोमीटर झाली. पूर आटोक्यात आले, दलदल गेली, मलेरिया कमी झाला. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारणं अन्यायाचं होईल. पण वाळूतून सोनं धुणारे गेले, मासेमारांची बेटं गेली. एकेकाळी ऱ्हाईनमध्ये विपुल असलेला सॅमन मासा धरणं आणि कारखान्यांच्या घाणीमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपला. १ नोव्हेंबर १९८६ला बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं आणि ईल मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर काठच्या देशांनी नदी साफ करायचं मनावर घेतलं. आता सॅमन पुन्हा थोडेफार दिसतात.

तुमची क्रूझ ॲमस्टरडॅमहून बुडापेस्टला जाणारी असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. कंपनी कुठलीही असो, या मार्गावरच्या बोटी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. लांबी बहुधा १३५ मीटर, रुंदी ११.४ मीटर. कारण माइन-डॅन्यूब कालव्यातले लॉक, म्हणजे बोटींसाठीच्या पाण्याच्या लिफ्ट, १२ मीटर रुंद आहेत. बोट आत शिरली की दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर उरतात. खिडकीतून हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. (काढू नका.) पूल इतके ठेंगणे, की कप्तानाची केबिनच खाली घेता येते.

ऱ्हाईनचं पाणी डॅन्यूबला जोडायची कल्पना शार्लमेनची. ७९३मध्ये त्याने खोदायला माणसं लावली, त्या चराचे अवशेष बव्हेरियात अजून दिसतात. १८४६मध्ये बव्हेरियाच्या राजाने शंभर लॉकचा कालवा खुला केला, पण रेल्वेपुढे तो टिकला नाही. आजचा १७१ किलोमीटरचा कालवा सप्टेंबर १९९२मध्ये पूर्ण झाला. त्यातून बोट समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर चढते आणि पलीकडे उतरते. आल्टम्यूल नदीच्या सुंदर खोऱ्याची नासाडी होते म्हणून त्याला कडाडून विरोध झाला होता. जर्मनीचा तेव्हाचा वाहतूकमंत्री फोल्कर हाउफ याने तर बाबेलच्या मनोऱ्यानंतरचा हा सगळ्यात मूर्ख प्रकल्प ठरवला होता. मालवाहतूक खरोखरच अपेक्षेइतकी झाली नाही. कोळसा आणि खडीसाठी खोदलेला कालवा पर्यटकांच्या मात्र कामी आला.

त्याच्या पलीकडे डॅन्यूब थेट काळ्या समुद्रापर्यंत जाते. तिकडच्या लांबच्या क्रूझ सर्बिया आणि रोमानियाच्या मधल्या ‘आयर्न गेट’ घाटातून जातात. तिथे पाण्याखाली आदा-काले नावाचं बेट आहे. तुर्की लोकवस्तीचं, मशीद, बाजार, तंबाखू, कॉफी. १८७८च्या बर्लिन तहात मुत्सद्दी या बेटाचा उल्लेखच करायला विसरले आणि कागदोपत्री ते १९२३पर्यंत सुलतानाकडेच राहिलं. धरणासाठी १९७०च्या सुमारास बेट रिकामं करून पाडलं आणि ते बुडालं. रहिवासी तुर्कस्तानात आणि रोमानियाच्या इतर भागांत पांगले. मशिदीतला अवाढव्य गालिचा आज कॉन्स्तान्त्साच्या मशिदीत आहे. एकेकाळी खडकांमुळे जीव मुठीत धरून पार करावा लागणारा तो घाट आता तलावासारखा शांत आहे.

पण तिथवर जायला आधी काउब पार व्हायला हवं. मधल्या ऱ्हाईनमधला सगळ्यात उथळ पट्टा इथलाच, म्हणून बोटवाले रोज इथल्या पाणीपातळीच्या पट्टीवरचा आकडा बघतात. ऑक्टोबर २०१८मध्ये तो २५ सेंटिमीटरवर आला. (पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, बोटींच्या वाटेवर खोली याहून मीटरभर जास्त असते.) मालवाहू बोटी निम्म्याहून कमी माल घेऊन जाऊ लागल्या. २०२२च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. अशा वेळी क्रूझ कंपन्या प्रवाशांना उथळ टप्प्याच्या अलीकडे उतरवतात, बसने पलीकडे नेतात आणि तिथे उभ्या असलेल्या, हुबेहूब तशाच दुसऱ्या बोटीवर चढवतात. बसच्या खिडकीतून नदीच्या मधोमध तो दगडी जकातनाका दिसतो, नेहमीपेक्षा जास्त उघडा पडलेला.