साखळी करवतीतील शक्तिऱ्हास

साखळी करवत अर्थात चेनसॉ हे लाकूड कापण्याचे यंत्र वापरून जुने झाल्यावर त्याची कापण्याची क्षमता हळूहळू किंवा एकाएकी घटते. या अवस्थेस साखळी करवतीतील शक्तिऱ्हास असे म्हणतात. इंजिन सुरू होते, पण लाकडात घातल्यावर दबते. वेग घेत नाही. किंवा तापल्यावर बंद पडते. लक्षण एकसारखे दिसले तरी त्यामागील कारणे भिन्न असतात. म्हणून सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून आरंभ करून क्रमाने इंजिनाच्या अंतर्भागाकडे जाणे ही दोषनिदानाची मान्य पद्धत आहे.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली. हातात धरण्याच्या पेट्रोल करवतींत सामान्यतः दोन धावी म्हणजेच टू-स्ट्रोक इंजिन असते. या इंजिनात वंगणासाठी वेगळी तेलटाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग यांचे रक्षण करते. शक्तिऱ्हासाचे निदान करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. इंजिनाला इंधन कमी मिळाले, की वंगणही कमी मिळते.

साखळी व पट्टी

इंजिनाला दोष देण्यापूर्वी साखळी पाहावी. धारदार साखळी लाकडाच्या जाडसर ढलप्या फेकते. बोथट साखळीतून पिठासारखा बारीक भुसा पडतो आणि करवत दाबावी लागते. अशा वेळी इंजिन निर्दोष असूनही अशक्त भासते. दात योग्य व्यासाच्या गोल कानशीने घासावेत. दातापुढील खोली-नियंत्रक उंचवटा बहुतेक साखळ्यांत दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली असतो. तो उंच राहिल्यास धारदार दातही लाकडात शिरत नाही.

इंजिन बंद ठेवून, ब्रेक सोडून, हातमोजा घालून साखळी ओढल्यास ती सहज फिरली पाहिजे. ती अडखळत असल्यास अतिताण, पट्टीच्या खाचेत साठलेला भुसा, बंद झालेले तेलाचे छिद्र किंवा घासत राहणारा ब्रेक यांपैकी एखादे कारण असते. इंजिनाचा वेग चढतो पण साखळी थांबते, असे झाल्यास क्लच घसरत आहे असे समजावे.

इंधनपुरवठा

जुने पेट्रोल हे शक्तिऱ्हासाचे नेहमीचे कारण आहे. साठवणीत पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात व चिकट थर उरतो. इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळे होतात. जुन्या करवतींतील रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉलचा विचार करून बनवलेले नसल्याने ते कडक होतात, फुगतात किंवा चिरतात. भारतात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली असल्याने येथील जुन्या यंत्रांच्या बाबतीत ही तपासणी महत्त्वाची ठरते.

टाकीतील गाळणी वाकवलेल्या तारेने बाहेर काढून पाहावी व काळवंडलेली असल्यास बदलावी. टाकीत हवा शिरण्याचा मार्ग बुजल्यास काही मिनिटांनी इंजिन दबू लागते. अशा वेळी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, टाकीचे झाकण उघडून पुन्हा लावावे व यंत्र चालवून पाहावे. शक्ती काही काळ परत आल्यास दोष हवेच्या मार्गात आहे.

हवा व निष्कास

भुशाने भरलेले एअर फिल्टर हवा अडवते. त्यामुळे मिश्रण दाट होते, धूर वाढतो आणि प्लग काळा पडतो. निष्कासाच्या बाजूस सायलेन्सरमधील ठिणगीरोधक जाळी आणि सिलिंडरचे निष्कासद्वार यांवर तेलाची काजळी साचते. जळालेले वायू बाहेर पडले नाहीत, तर नवे मिश्रण आत येण्यास जागा राहत नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशाने स्वच्छ करता येते.

प्रज्वलन

प्लगचा फिकट तपकिरी रंग सुस्थितीचे चिन्ह मानला जातो. काळा व ओला प्लग दाट मिश्रण किंवा क्षीण ठिणगी सुचवतो. पांढुरका प्लग विरळ मिश्रणाची सूचना देतो. प्लगमधील अंतर साधारणतः ०.५ ते ०.६ मिमी असते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन येण्यापूर्वीच्या करवतींत मॅग्नेटोचे पॉइंट असतात; त्यांवर गंज चढल्यास अधिक वेगात ठिणगी चुकते. थंड असताना नीट चालणारे इंजिन तापताच ठिणगी गमावत असेल, तर कॉइल तपासावी.

संपीडन

वरील बाबी ठीक असतील, तर संपीडन मोजावे. प्लगच्या जागी दाबमापक बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढतात. सुस्थितीतील इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम दाब आढळतो. ७ किलोग्रॅमच्या खालचा दाब सहसा झिजलेल्या रिंगा किंवा ओरखडलेला सिलिंडर दर्शवतो. सायलेन्सर काढल्यावर निष्कासद्वारातून पिस्टन पाहता येतो. त्यावरील उभे ओरखडे अपुऱ्या वंगणाची खूण होत.

कार्ब्युरेटरची जुळवणी

शक्ती घटली की कार्ब्युरेटरचा अधिक वेगाचा स्क्रू फिरवण्याकडे अनेकांचा कल असतो. तो आवळल्यास मिश्रण विरळ होते, आवाज तीक्ष्ण होतो आणि भाररहित वेग वाढतो. यंत्र सुधारल्याचा भास होतो. प्रत्यक्षात इंधनासोबत वंगण घटलेले असते व पिस्टन जाम होण्याची शक्यता बळावते. क्रँकचे सील झिजून बाहेरची हवा आत येत असतानाही मिश्रण असेच विरळ होते. स्क्रू फिरवूनही वेग स्थिर राहत नसेल किंवा थ्रॉटल सोडल्यावर तो उशिरा उतरत असेल, तर जुळवणी थांबवून हवेची गळती शोधावी. म्हणूनच जुळवणी ही निदानाची पहिली नव्हे, तर अखेरची पायरी मानली जाते. योग्य जुळवणीत इंजिनाचा आवाज भाररहित पूर्ण वेगात किंचित फडफडता असतो व लाकडात शिरताच सलग होतो.

तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ५०:१ प्रमाणात १ लिटर पेट्रोलला २० मिली, तर २५:१ प्रमाणात ४० मिली तेल लागते.

सुरक्षितता

तपासणीपूर्वी इंजिन थंड करून प्लगची वायर काढावी. इंधनाचे काम ज्वाळा व ठिणगीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. साखळी ब्रेक १९७० च्या दशकात प्रचलित होऊ लागला. त्यापूर्वीच्या अनेक करवतींत तो नाही. अशा यंत्राची शक्ती पूर्ववत झाली, तरी पट्टीचे टोक लाकडावर आदळून करवत चालकाकडे उसळण्याचा धोका कायम राहतो. त्यामुळे जुनी करवत दुरुस्त होण्याजोगी असणे आणि ती कामास योग्य असणे, या दोन गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.